बराकीतलं गाऱ्हाणं

प्रिय मेलू,

तुझा मेसेज वाचला. "नाताळला येऊ नको म्हणतेस, फोन उचलत नाहीस, ओंकार आवडला नसेल तर सरळ सांग ना मम्मी." एवढंच. खाली एकही चित्र नाही. एरवी भांडतानासुद्धा तू एखादं फूल आणि एखादा मासा पाठवतेस, म्हणजे या वेळी तू खरंच दुखावली आहेस. मी उत्तर मोबाइलवर लिहायला बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी कपाटातून कागद काढला. तुझे पप्पा बोटीवर असायचे तेव्हा मी त्यांना असंच लिहायचे. कागदावर समोरचं माणूस मधे बोलत नाही. मला शेवटपर्यंत बोलू दे, मग हवं तेवढं रागव.

आधी ओंकारची गोष्ट. तो मला आवडला नाही हे तू कशावरून ठरवलंस? चवथीला त्यांच्या घरचा गणपती पोचवून तो दोडामार्गहून थेट आपल्याकडे आला, हातात केळीचा घड घेऊन, आणि दारातच म्हणाला, "आई, ही पिकलेली नाहीत, चार दिवस लागतील." मी मनात म्हटलं, हा केळी पिकेपर्यंत राहणार. आणि राहिलाच की. बाहेर झड लागली होती, पश्चिमेच्या खिडक्यांना आपण गोणपाटं लावून टाकली होती, आणि तिघं दिवसभर माजघरात पत्ते कुटत बसलो होतो. तो इतका उघड उघड फसवायचा की हसून हसून मला ठसका लागायचा, आणि तू पाठीवर थापट्या मारायचीस. न्हाणीतला नळ त्याने दुरुस्त करून दिला, तो अजून गळत नाही. तुम्ही दोघं गेल्यावर घर एवढं गप्प झालं की मी नळ मुद्दाम सोडून आवाज ऐकला. त्याच्यात नापसंत करण्यासारखं मला काही सापडलं नाही, फक्त तो सोलकढीत साखर घालतो. ती सवय जाईल.

नाताळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती तुरुंगातून सुरू होते, म्हणून जरा लांबची वाट आहे.

तुरुंगाबद्दल मी तुला फारसं सांगत नाही. माझी तिथल्या दवाखान्यात बदली झाली तेव्हा तू मला "चोरांची नर्स" म्हणून चिडवलंस, आणि एसटीत बसताना हळूच म्हणालीस, सांभाळून गं. मीही घाबरलेच होते. पण आत गेले तर सगळी आपलीच माणसं. कोणी बागेच्या हद्दीवरून कोयता उगारलेला, कोणी गोव्याहून दारू आणताना सापडलेला. बहुतेक सगळे कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालायचाय असे. आज आत, उद्या जामिनावर बाहेर. बाहेर म्हणजे एसटीत, बाजारात, आपल्या पोराबाळांच्या अंथरुणात. आमचे डॉक्टर थट्टेने म्हणतात, जामीन माणसाला लागतो, खोकल्याला लागत नाही, तो आधीच घरी पोचलेला असतो. त्यांची थट्टा मला पहिल्या दिवसापासून टोचत राहिली. एका बराकीत एवढी माणसं खेटून झोपतात की एकाच्या छातीत क्षय असला तर तो किती घरांत जाईल, याचा हिशेब मी जेवतानाही मांडत बसायचे. तो वेळेत शोधायचा आणि तिथंच थांबवायचा, हे माझं काम.

पण शोधायचा कसा? मी रोज सकाळी गजांपाशी उभी राहून विचारायचे, कोणाला खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, अंगाला खाज आहे का. सगळे हात मागे बांधून, कोर्टात उभं राहावं तसे, एका सुरात म्हणायचे, "काही नाही, सिस्टर." आपसांत मालवणीत गलका करणारी माणसं माझ्यासमोर शाळेच्या पुस्तकासारखी बोलायची. सुरुवातीला मी वेडी खूशही झाले. वर कळवत राहिले की सर्वांची प्रकृती ठीक आहे.

पावसाळ्यात पहिल्यांदा मी बराकीच्या आत गेले. पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांत गोणपाटं कोंबलेली, आपण घरी कोंबतो तशीच. झड आत येऊ नये हे आपल्याला आईच्या पोटातून शिकवलेलं असतं. पण आत अंधार, घोंगड्यांचा कुबट वास, आणि सगळ्यांनी मिळून वापरलेला तोच तो श्वास. मी गोणपाटं काढायला लावली. दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी. मी पुन्हा काढली, पुन्हा आली. शेवटी आतल्याच एका सुताराने खिडक्यांना बाहेरून तिरक्या फळ्या ठोकून दिल्या, पाऊस वरून घसरेल आणि वारा खालून येईल अशा. त्या दिवशी बराकीत उजेड आला आणि मला वाटलं, आता खोकलाही उजेडात येईल. तो काही आला नाही. "काही नाही, सिस्टर."

मग एका सोमवारी मी गाऱ्हाणं ऐकलं.

आमच्याकडे परशुरामकाका म्हणून एक आहेत, सत्तरीचे, जमिनीच्या भांडणात आत आलेले. गावात देवळासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. आपण ख्रिस्तांव असलो तरी जत्रेत तू ते लहानपणी ऐकलंयस, पप्पांच्या खांद्यावर बसून: एकाने सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून हुंकार भरायचा. काका ते बराकीतही घालतात, दर सोमवारी, सकाळची गिनती, म्हणजे कैद्यांची मोजणी, झाली की. नारळ आत नेता येत नाही म्हणून हातात जास्वंदीचं फूल. तोंड एका भिंतीकडे, कारण त्यांच्या हिशेबाने त्या भिंतीपलीकडे कुठेतरी त्यांच्या गावचं देऊळ येतं. मी दवाखान्याकडे निघाले होते. काकांचा आवाज आला आणि पाय थांबले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हय एकठय उभी आसत. कोणी काय केल्यान आनी काय नाय केल्यान, ता कोर्ट बघतला. तू आमका धड ठेव रे म्हाराजा." मागून सगळे, "व्हय म्हाराजा." आणि मग काका एकेकाचं सांगू लागले. ह्याच्या बायलेन निरोप धाडूक नाय. त्याच्या बोटांच्या बेचक्यात खाज आसा, ती आता शेजाऱ्याक लागली. "आनी ह्या खारेपाटणच्या मंगेशाक रातचो घाम सुटता, सदरो पिळूचो लागता. भाकरी अर्दी टाकता. तोंडार घोंगडी धरून खोकता आनी कोणाक सांगणा नाय. तेका सांभाळून घे रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा."

मेलू, मी महिनोन् महिने जे विचारत होते ते सगळं तिथं उभं राहून देवाला सांगितलं जात होतं. मला इतका आनंद झाला की मी मूर्खपणा केला. गाऱ्हाणं संपायच्या आत गजांपाशी गेले आणि मोठ्याने म्हटलं, "मंगेश कोण? बाहेर ये."

तो आला. पंचविशीचा, गालांची हाडं वर आलेला मुलगा. चेहरा पांढरा पडलेला. "मला काही नाही, सिस्टर," म्हणाला. थुंकी तपासायला द्यायला तयार होईना. बाकीचे माझ्याकडे असे बघत होते, जसं चुगली करणाऱ्या माणसाकडे बघतात. पुढच्या सोमवारी काकांनी फूल धरलं, "सगळ्यांका धड ठेव रे म्हाराजा" एवढंच म्हटलं आणि संपवलं. कोणाचा घाम नाही, कोणाची खाज नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही तसंच. मला जो एक दरवाजा उघडा सापडला होता तो मीच धाडकन लावून टाकला होता, आणि आत मंगेश घोंगडी तोंडावर धरून खोकतच होता, सगळ्यांच्या मधोमध.

काका गुडघ्याचं मलम न्यायला आले तेव्हा मी विषय काढायला घाबरत होते. त्यांनीच काढला. म्हणाले, "सिस्टर, आमी देवाक सांगितला ता तू आयकलंस, तेचा काय नाय. तुजे कान चांगले आसत. पण देव कदी कोणाचा नाव घेवन हाक मारणा नाय. तू मारलंस." मग डबीचं झाकण उघडून वास घेत म्हणाले, "आनी ह्या मलम गुडघ्याक लागणा नाय, ह्येचो नुसतो वास येता. दुसरा दी."

मी घरी येऊन बांगडे साफ करत बसले आणि एकच वाक्य डोक्यात. नाव न घेता हाक कशी मारायची? एखाद्याला वेगळं काढलं की तो लपणार. मग कोणालाच वेगळं काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांशी आणि तुरुंगाच्या साहेबांशी बोलले. सगळ्यांची तपासणी करायची. कैदी, हवालदार, स्वयंपाकी, साहेब, डॉक्टर, सगळे. दोघांनीही मान्य केलं. छातीचा फोटो काढायचं हातात धरायचं यंत्र जिल्ह्यातून आलं. अंगणात सगळ्यांसमोर थुंकीची पहिली बाटली साहेबांनी घेतली. त्यांना काही केल्या खाकरता येईना. मागून कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, सायबांका एक विडी दी, मगे बघ कसो खाकरतत." साहेबसुद्धा हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि काम झालं. त्यानंतर कोणी मागे राहिलं नाही. मंगेशही नाही.

ज्याचा त्याचा निकाल दवाखान्यात एकेकट्याला सांगितला. एकाला गुडघ्यासाठी बोलवायचं, एकाला खरजेच्या मलमासाठी, आणि त्या रांगेतच मंगेशला. क्षय होता. मी म्हटलं, बाबा, एवढे दिवस का लपवलंस? तो नखं कुरतडत म्हणाला, "जामिनाची तारीक जवळ इली हा. आजारी माणसाक जामिनार सोडणत नाय, असा सगळे म्हणतत." असं काही नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मी तर वर ठीक आहे, ठीक आहे असं कळवत बसले होते. त्याला वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवलं, गोळ्या सुरू केल्या, आणि जामीन झाला तेव्हा पुढच्या गोळ्या हातात दिल्या. खारेपाटणच्या दवाखान्यातल्या नर्सला मी आधीच फोन करून ठेवला होता. त्याची आई न्यायला आली होती. मी तिला म्हटलं, घरी खिडकी बंद ठेवू नका हं, झड आली तरी. ती म्हणाली, "भिजलो तर भिजांदे, पण जगांदे." परवा त्याचा निरोप आला. वजन वाढलंय, आणि तो एवढं खातो की आई आता पानात भाकरी वाढताना हात आखडता घेते म्हणे.

तेव्हापासून गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यासारखं व्हायला लागलं, फक्त काका आता कोणाचं नाव घेत नाहीत. "आमच्यात एक जण आसा, नाव घेणंय नाय," असं म्हणतात आणि त्याची खूण सांगतात. ज्याची खूण त्याला कळते. मग तो दिवसभरात कधीतरी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहतो, डोकं खाजवत, "सहज इलंय." माझी त्या सोमवारांची सवयच झाली. गजांबाहेर उभी राहते, कपाळावर, छातीवर खुरीस काढते, आणि सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणते. आपल्या फादरना सांगू नकोस. सांगितलंस तरी ते हसतील.

मध्यंतरीच्या एका सोमवारी काकांनी फूल हातात घेतलं आणि नेहमीपेक्षा जरा थांबले. मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आमच्यात एक जण आसा, नाव घेणंय नाय. ता माणूस सकाळी आपल्या पायान तुरुंगात येता आनी सांजचा आपल्या पायान घराक जाता. पांढरे कपडे घालता, ते आता ढिले झाले. आमचो सगळ्यांचो खोकलो तेका ऐकाक येता, सोताचो येणा नाय. चवथीपासून भिताडाकडे तोंड करून, रुमालात खोकता. घराक तेका कोण विचारूक नाय. तेका बुद्दी दी रे म्हाराजा." आणि मी, सवयीने, सगळ्यांच्या आधी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

म्हटल्यावर लक्षात आलं. सगळे माझ्याकडे बघत होते, हात मागे न बांधता. मग मागून कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, बाटली आमी दिव, की तुज्याकडे आसा?" आणि सगळे हसले, मीही हसले, आणि हसताना तोच ठसका लागला. या वेळी मी रुमाल तोंडावर धरला, पण भिंतीकडे वळले नाही.

मेलू, मला क्षय आहे. औषधांना दाद देणारा, साधा. गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झालेत, आणि त्या मी एकही चुकवत नाही. फोन उचलत नव्हते कारण माझा खोकला तू एका क्षणात ओळखला असतास, आणि नाताळला येऊ नको म्हणाले ते तपासणी करायला घाबरत होते म्हणून, ओंकारमुळे नाही. सगळ्यांच्या तपासणीतही माझीच बाटली तेवढी मी घेतली नव्हती. एकटं राहणाऱ्या माणसाला वाटतं, विचारणारं कोणी नाही म्हणजे आजारही नाही. शिवाय भीती होती की लोक म्हणतील, कैद्यांनी हिला लावला, आणि मग त्यांच्याकडे कोणी जाणार नाही. खरं तर त्यांनीच तो शोधला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण कोण असतं? पप्पा गेल्यापासून मी या प्रश्नाला "कोणी नाही" म्हणायचे. या वेळी म्हटलं, मुलगी, मेल्विना, आणि ओंकार. त्यांनी विचारलं, ओंकार कोण? मी म्हटलं, घरचाच. चवथीला तू माझ्या कुशीत झोपायचीस आणि आपण तिघं बंद खिडक्यांच्या घरात पत्ते खेळत होतो, म्हणून तुम्ही दोघांनीही उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढून घ्यायचा आणि सिस्टर सांगेल ती तपासणी करायची. तुम्हाला काही वाटत नसलं तरी. वाटत नाही असं मीही म्हणत होते. यासाठी हे एवढं लिहिलं. नाताळला दोघं या. डॉक्टर म्हणतात, तोवर माझ्यापासून कोणाला धोका नसेल, आणि मी पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवीन. नेवऱ्या तू लाट नि तळ, मला अजून दम लागतो. ओंकारला साखर हवी तेवढी घालू दे. हे वाचून झालं की मला फोन करू नकोस, रडशील आणि मला रडवशील. चित्रंही नकोत. दोनच शब्द पाठव, हुंकाराचे. कुठले, ते तुला माहीत आहेत, आणि ते आल्याशिवाय मी मोबाइल हातातून खाली ठेवणार नाही.

तुझीच, खोकणारी पण आता न लपवणारी,
मम्मी